चित्रकार, पुढारी आणि एकच रेघ : कास्तेलाओंविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात स्पेनमधील प्रादेशिक भाषांविषयीच्या एका उत्तरात गालिसियाचे राष्ट्रवादी नेते आल्फोन्सो दानिएल रोद्रिगेस कास्तेलाओ (१८८६–१९५०) यांचा उल्लेख ओघात एका वाक्यात झाला होता. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रे आली, तेवढी उरलेल्या उत्तरावर आली नाहीत. म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. पत्रे बरीच लांब असल्याने प्रश्न आशय कायम ठेवून थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : गालिसिया हा प्रदेश पोलंड आणि युक्रेन यांच्या सीमेवर असल्याचे माझ्या वाचनात आले होते. आपण तो स्पेनमध्ये नेऊन ठेवला आहे. चूक आपली की माझी?

उत्तर : दोघांचीही नाही. युरोपात या नावाचे दोन प्रदेश आहेत आणि नावाच्या साम्यापलीकडे त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. आपण वाचलेला गालिसिया पूर्वी ऑस्ट्रियन साम्राज्यात होता. येथे ज्याविषयी बोलणे चालू आहे तो स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, पोर्तुगालच्या डोक्यावर बसलेला, अटलांटिकच्या पाण्याने ठिकठिकाणी आत कापलेला प्रदेश आहे. आ कोरुन्या, लुगो, ओउरेन्से आणि पोन्तेवेद्रा हे त्याचे चार प्रांत आणि सान्तियागो दे कोम्पोस्तेला ही राजधानी. त्याला 'गालिसिया' म्हणावे की 'गालिसा' हादेखील तेथे राजकीय प्रश्न आहे. राष्ट्रवादी मंडळी सहसा दुसरे रूप पसंत करतात आणि कास्तेलाओंनी आपल्या मुख्य ग्रंथाच्या नावात तेच वापरले.

प्रश्न : कास्तेलाओ डॉक्टर होते, चित्रकार होते, लेखक होते, खासदार होते आणि मंत्रीही होते. एवढ्या भूमिका एकाच माणसाच्या अंगावर चढवल्या, की त्यांतील खरी कोणती हे कळेनासे होते. त्यांना नेमके काय म्हणावे?

उत्तर : ७ जानेवारी १९५० रोजी अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेसमध्ये कास्तेलाओ फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले, तेव्हा हाच प्रश्न स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या सरकारलाही पडला होता आणि त्या सरकारने त्याचे उत्तर लेखी देऊन टाकले. वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याने संपादकांना कळवले, की ही बातमी आतल्या पानावर, एका स्तंभात द्यावी. छायाचित्र छापलेच तर ते कोणत्याही राजकीय कार्यक्रमातील नसावे. मृताची स्तुती केवळ विनोदकार, साहित्यिक आणि व्यंगचित्रकार म्हणून करावी. त्याच्या राजकारणाविषयी लिहायचे असल्यास ते चुकीचे होते असे सांगून, परमेश्वर दयाळू होऊन त्याच्या पापांची क्षमा करील, अशी आशा व्यक्त करावी. आणि 'सेम्प्रे एन गालिसा' ('सदैव गालिसियातच') या ग्रंथाचा किंवा यादवी युद्धावरील चित्रसंग्रहांचा कोठेही उल्लेख करू नये. सूचना न पाळणाऱ्यावर कारवाई होईल, हेही सांगायला खाते विसरले नव्हते.

हा हुकूम बारकाईने वाचण्यासारखा आहे. चित्रकार म्हणून खुशाल स्तुती करा, असे सांगणाऱ्यालाच त्या चित्रकाराचे संग्रह वगळण्याची सूचना त्याच कागदावर द्यावी लागली. कलावंत आणि पुढारी यांना एकमेकांपासून कापून वेगळे करायचे ठरवले, पण सुरी कोठून चालवावी हे ठरवणाऱ्यालाच सापडले नाही. मला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या फसलेल्या कापाकापीत आहे. कास्तेलाओ हे फावल्या वेळात चित्रे काढणारे पुढारी नव्हते आणि नाइलाजाने राजकारणात ओढले गेलेले चित्रकारही नव्हते. त्यांचे राजकारण चित्राखालच्या ओळीतून सुरू झाले आणि संसदेत पोहोचल्यावरही त्याचा विषय तोच राहिला : जे लोक गालिसियन बोलतात त्यांना आपल्या भाषेची लाज का वाटावी आणि पोट भरण्यासाठी त्यांना समुद्र का ओलांडावा लागावा?

आता थोडे चरित्र. जन्म ३० जानेवारी १८८६ रोजी, रिआन्शो या मासेमारीच्या गावी. वडील पोटापाण्यासाठी अर्जेंटिनात गेले होते. पुढे आईबरोबर मुलगाही गेला आणि पांपाच्या उघड्याबोडक्या सपाटीवर त्याच्या बालपणाची काही वर्षे गेली. व्यंगचित्र म्हणजे काय, हे त्याला तेथेच 'कारास इ कारेतास' या साप्ताहिकाची पाने चाळताना कळले. १९०० मध्ये कुटुंब परतले आणि मुलाला सान्तियागोच्या विद्यापीठात वैद्यकीला घालण्यात आले. आपण वडिलांवरील प्रेमापोटी डॉक्टर झालो आणि मानवजातीवरील प्रेमापोटी तो व्यवसाय करत नाही, असे ते पुढे म्हणत असत. हा विनोद खरा मानायचा तर मानवजातीचे फारसे नुकसान झाले नाही, कारण १९१६ पासून ते पोन्तेवेद्रा येथे सांख्यिकी खात्यात नोकरी करू लागले आणि जोडीला शाळेत चित्रकला शिकवू लागले. दृष्टिपटलाच्या विकाराने मात्र तरुणपणापासूनच त्यांचा पिच्छा पुरवला होता. आयुष्यभर रेघांवर जगलेल्या या माणसाला जाड चष्म्याशिवाय रेघ दिसत नव्हती आणि आंधळे होण्याची भीती त्यांच्या मानेवर कायम बसलेली होती.

प्रश्न : गालिसियन ही स्पॅनिशचीच एक बोली नाही काय? एका बोलीसाठी राष्ट्रवाद उभा राहतो, हे पटत नाही.

उत्तर : ती स्पॅनिशची बोली नाही. स्पॅनिश म्हणून आपण जिला ओळखतो ती मध्य स्पेनमधील कॅस्टिलची भाषा, आणि गालिसियन ही लॅटिनपासून तिच्या शेजारीच, पण स्वतंत्रपणे घडलेली भाषा. तिचे सख्खे नाते आहे ते पोर्तुगीजशी. मध्ययुगात या दोन्ही एकच होत्या आणि त्या काळी गालिसियन-पोर्तुगीज ही भावकवितेची इतकी मान्यवर भाषा होती, की कॅस्टिलचा राजा दहावा आल्फोन्सो यानेही कुमारी माता मेरीची स्तोत्रे तिच्यातच रचली. पुढे सत्ता, न्यायालये, धर्मपीठ आणि शाळा यांनी कॅस्टिलियन स्वीकारली आणि गालिसियन शेतकऱ्यांच्या व कोळ्यांच्या तोंडी उरली. शतकानुशतके ती बोलली जात होती, पण लिहिली जात नव्हती. एकोणिसाव्या शतकात रोसालिया दे कास्त्रो आदी कवींनी तिला पुन्हा कागदावर आणले.

१९१६ मध्ये आन्तोन विल्यार पोन्ते यांच्या पुढाकाराने आ कोरुन्या येथे 'इर्मानदादेस दा फाला', म्हणजे भाषेचे बंधुसंघ, स्थापन झाले. सभासदांनी आपापसांत आणि चारचौघांत गालिसियन बोलायचे, एवढी साधी त्यांची सुरुवात होती. ही गोष्ट आज किरकोळ वाटेल, पण तेव्हाच्या शहरात कोट घातलेल्या माणसाने ही भाषा बोलणे म्हणजे एक तर चेष्टा समजली जाई, नाही तर चळवळ. या संघांच्या लुगो येथील १९१८ च्या अधिवेशनात त्यांनी स्वतःला प्रादेशिकतावादी म्हणवून घेणे सोडले आणि राष्ट्रवादी हा शब्द उचलला. तोपर्यंत कास्तेलाओ त्यांच्यात सामील झाले होते. त्याआधी त्यांनी रिआन्शो येथे गावच्या राजकारणातील दादा मंडळींची रेवडी उडवणारे एक पत्रक मित्रांबरोबर चालवले होते, पण ते मुख्यतः गावापुरते भांडण होते, तेही वडिलांच्या पुराणमतवादी गटाकडून. त्या भांडणातून ते बाहेर आले ते भाषेच्या वाटेने.

१९२० मध्ये 'नोस' ('आपण') हे नियतकालिक निघाले. विसेन्ते रिस्को त्याचे संपादक आणि कास्तेलाओ कलाविभागाचे प्रमुख होते. पुरातत्त्व, लोकगीते, आयरिश साहित्य, युरोपातील नव्या कलाप्रवाहांवरील लेख असे सगळे त्यात शेतकऱ्याच्या भाषेत छापले जाई. या भाषेत पावसापाण्याखेरीज काही बोलताच येत नाही, असे मानणाऱ्यांना दिलेले ते उत्तर होते. नियतकालिक १९३६ च्या उन्हाळ्यापर्यंत चालले आणि ते का बंद पडले, हे पुढील उत्तरांत येईलच.

प्रश्न : मी चित्रकलेची विद्यार्थिनी आहे. राजकीय उल्लेख बाजूला ठेवून, त्यांच्या चित्रांत पाहण्यासारखे काय आहे ते सांगाल का?

उत्तर : उल्लेख बाजूला ठेवून सांगणे किती अवघड आहे ते वर आलेच आहे. तरी प्रयत्न करतो.

'नोस' याच नावाचा त्यांचा चित्रसंग्रह आहे. त्यातील चित्रे साधारण १९१६ ते १९१८ या काळात काढलेली आणि पुस्तकरूपाने १९३१ मध्ये आलेली आहेत. वाकलेले म्हातारे, डोईला रुमाल बांधलेल्या बायका, अनवाणी मुले, आंधळे भिकारी आणि खाली एक-दोन वाक्यांचा संवाद, असे त्यांचे स्वरूप आहे. रेघ जाड व स्पष्ट आहे आणि मोकळी जागा भरपूर आहे. चित्रातील माणसे क्वचितच हसतात आणि विनोद जो आहे तो खालच्या ओळीत आहे, तोही असा की हसू फुटण्याआधी घशात अडकावे. नंतर वृत्तपत्रांत त्यांनी 'कोउसास दा विदा' ('आयुष्यातील गोष्टी') ही दैनंदिन व्यंगचित्रांची मालिका चालवली आणि तिने त्यांना घराघरांत नेले. वाचता न येणाऱ्या माणसाला चित्र कळे आणि वाचता येणारा शेजारी त्याला खालची ओळ मोठ्याने वाचून दाखवी, अशा वाचनासाठीच ती चित्रे केलेली दिसतात.

दुसरा टप्पा दगडाचा आहे. गालिसियात वाटेवर, तिठ्यांवर आणि देवळांपुढे दगडी खांबावर कोरलेले क्रूस उभे असतात. त्यांना 'क्रुसेइरो' म्हणतात. जानेवारी १९२८ मध्ये कास्तेलाओंचा एकुलता एक मुलगा चौदाव्या वर्षी वारला. त्यानंतर १९२९ मध्ये ते पत्नी विर्शिनिया पेरेइरा यांच्यासह फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात गेले आणि तेथील दगडी क्रुसांची एकामागून एक रेखाटने करत राहिले. त्यातून १९३० मध्ये एक पुस्तक झाले आणि गालिसियातील क्रुसांवरील मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, म्हणजे १९५० मध्ये, ब्वेनोस आयरेसमध्ये प्रसिद्ध झाला. क्रुसाच्या मागील बाजूला बऱ्याचदा मृत पुत्राला मांडीवर घेतलेली माता कोरलेली असते. या आकृतीपाशी कास्तेलाओ वारंवार का थांबले, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

तिसरा टप्पा युद्धाचा : 'गालिसिया मार्तिर' ('हुतात्मा गालिसिया') आणि 'आतिला एन गालिसिया' ('गालिसियात अटिला', म्हणजे युरोपवर स्वाऱ्या करणारा हूण राजा) हे १९३७ चे आणि 'मिलिसियानोस' ('स्वयंसैनिक') हा १९३८ चा, असे प्रत्येकी दहा चित्रांचे तीन संग्रह. विद्यार्थिनी म्हणून आपण एकच चित्र निवडायचे झाल्यास पहिल्या संग्रहातील 'आ देर्रादेइरा लेइसिओन दो मेस्त्रे', म्हणजे 'गुरुजींचा अखेरचा धडा', पाहावे. जमिनीवर एक माणूस मरून पडला आहे. समोर दोन लहान मुले उभी आहेत. मारणारे चित्रात नाहीत, बंदूक नाही, झेंडा नाही. काय घडले हे शीर्षकावरूनच समजते आणि समजल्यावर नजर पुन्हा मुलांकडे जाते, कारण धडा त्यांना मिळालेला आहे. १९४५ मध्ये त्यांनी याच विषयावर मोठे तैलचित्र केले. दुसऱ्या एका चित्रात खड्ड्यात प्रेते टाकली जात आहेत आणि खालच्या ओळीचा अर्थ असा, की ते प्रेते पुरत नाहीत, बियाणे पुरत आहेत. मला स्वतःला ही ओळ जरा जास्त झालेली वाटते, कारण चित्रातील अंधार एवढ्या मोठ्या आशेला जागा देत नाही. मात्र गालिसियात आजही सर्वाधिक उद्धृत होते ती हीच ओळ.

प्रश्न : १९३६ मध्ये गालिसियाने स्वायत्ततेसाठी मतदान केले, पण ती स्वायत्तता प्रत्यक्षात आलीच नाही, असे वाचले. जे घडलेच नाही, त्याला एवढे महत्त्व का दिले जाते?

उत्तर : कारण ते कागद चाळीस वर्षांनंतर कामी आले. जरा मागून सांगावे लागेल.

१९३१ मध्ये स्पेनमध्ये प्रजासत्ताक आले आणि कास्तेलाओ पोन्तेवेद्रा प्रांतातून संविधान बनवणाऱ्या संसदेवर निवडून गेले. तेथे त्यांचा भर भाषेवर होता. कॅस्टिलियनच्या बरोबरीने आपल्या भाषेलाही अधिकृत स्थान मिळावे, हे त्यांनी सभागृहात मांडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'पार्तिदो गालेगिस्ता' हा पक्ष स्थापन झाला. त्याची संघटना बांधणारे आलेशान्द्रे बोवेदा हे अर्थखात्यातील अधिकारी होते आणि लोकांना ठाऊक असलेला चेहरा कास्तेलाओंचा होता. स्वायत्तता कायद्याचा मसुदा १९३२ च्या अखेरीस नगरपालिकांच्या सभेत मंजूर झाला, पण पुढे उजव्या पक्षांच्या काळात तो पडून राहिला. त्या सरकारने आणखीही एक केले. कास्तेलाओ आणि बोवेदा हे दोघेही सरकारी नोकर होते, तेव्हा त्यांची बदली झाली : एकाची पोर्तुगालच्या सीमेवरील बादाखोसला, दुसऱ्याची दक्षिण टोकाच्या कादिसला. कागदोपत्री ती साधी बदली होती. बादाखोसच्या त्या कचेरीच्या दिवसांत कास्तेलाओंनी पक्षाच्या 'आ नोसा तेर्रा' या मुखपत्रासाठी जे लेख लिहिले, त्यांतून पुढे 'सेम्प्रे एन गालिसा' सुरू झाले, म्हणून तेथील लोक बादाखोसला हद्दपारीच म्हणतात.

१९३६ च्या फेब्रुवारीत डाव्यांच्या आघाडीबरोबर लढून कास्तेलाओ पुन्हा निवडून आले. या आघाडीमुळे पक्षातील कॅथलिक उजवा गट दुरावला आणि 'नोस'चे संपादक रिस्कोही वेगळे झाले. वैयक्तिक मैत्री आणि राजकारण यांची ही फारकत पुढे फार कडू ठरली, कारण युद्धात रिस्को फ्रँकोच्या बाजूला राहिले.

सार्वमत २८ जून १९३६ रोजी झाले. संविधानानुसार केवळ बहुमत पुरेसे नव्हते. एकूण नोंदलेल्या मतदारांच्या दोन तृतीयांश मतदारांचा पाठिंबा लागत होता. अधिकृत आकड्यांप्रमाणे १३,४३,१३५ मतदारांपैकी ९,९३,३५१ जणांनी बाजूने आणि ६,१६१ जणांनी विरोधात मत दिले, म्हणजे पाठिंबा सुमारे ७४ टक्के. आकडा इतका देखणा आहे, की तो थोडाफार फुगवला गेला असावा अशी शंका इतिहासकार घेतात, आणि त्या काळातील गालिसियाच्या निवडणुकांची ख्याती पाहता ती अनाठायी नाही. तथापि, प्रचार जोरदार झाला होता आणि त्यात कास्तेलाओंनी स्वतः काढलेली भित्तिचित्रे होती, हेही तेवढेच खरे. जुलैच्या मध्यावर निकाल माद्रिदमध्ये संसदेच्या अध्यक्षांकडे सोपवण्यात आला. दोन-तीन दिवसांतच लष्कराने बंड केले, यादवी युद्ध सुरू झाले आणि 'नोस'ही त्यातच बंद पडले. गालिसिया काही दिवसांतच बंडखोरांच्या हाती गेला आणि मंजुरी मिळालेली स्वायत्तता जेथे लागू करायची तो प्रदेशच प्रजासत्ताकाकडे उरला नाही.

आता कागद कसे कामी आले ते. १९७८ च्या स्पॅनिश संविधानातील एका संक्रमणकालीन तरतुदीनुसार, ज्या प्रदेशांनी पूर्वी सार्वमताने स्वायत्ततेचा मसुदा संमत केला होता, त्यांना नवी स्वायत्तता जवळच्या वाटेने मिळवता येत होती. असे प्रदेश तीनच होते : कॅटालोनिया, बास्क प्रदेश आणि गालिसिया. १९३६ चे ते मतदान झाले नसते, तर गालिसिया या यादीत बसला नसता. १९८१ चा स्वायत्तता कायदा आला तो या मार्गाने आणि गालिसियन भाषेला अधिकृत दर्जा मिळाला तोही त्यातच. मात्र १९८० च्या डिसेंबरात या कायद्यावर सार्वमत झाले, तेव्हा मतदानाला तीस टक्के मतदारही आले नाहीत. १९३६ चा फुगीर आकडा आणि १९८० चा हा रोडका आकडा शेजारी ठेवले, की त्या दोन्ही पिढ्यांविषयी बरेच काही कळते.

प्रश्न : स्पष्ट विचारतो. ते फुटीरतावादी होते की नव्हते?

उत्तर : स्पष्ट सांगतो : नव्हते. फ्रँकोच्या वृत्तपत्रखात्याने त्यांना तसे म्हटले, पण त्यांचे स्वतःचे लेखन वेगळे सांगते. कॅस्टिल, कॅटालोनिया, बास्क प्रदेश आणि गालिसिया ही चार राष्ट्रे बरोबरीच्या नात्याने एका संघराज्यात असावीत आणि पुढेमागे पोर्तुगालही त्यात यावा, असे त्यांना वाटे. १९३३ मध्ये गालिसियन, बास्क आणि कॅटलन पक्षांनी केलेल्या 'गालेउस्का' करारामागे हीच दृष्टी होती. गालिसियाला राष्ट्र ठरवताना त्यांनी भाषा, भूमी, आर्थिक जीवन आणि संस्कृती या कसोट्या लावल्या आणि त्यांसाठी स्टालिनच्या व्याख्येचा आधार घेतला, याची गंमत वाटते, कारण हा माणूस श्रद्धाळू ख्रिस्ती होता आणि कम्युनिस्ट कधीच नव्हता. हाती लागेल ते हत्यार त्यांनी उचलले, असे मला वाटते. विचारांची काटेकोर बांधणी हे त्यांचे बलस्थान नव्हते.

प्रश्न : त्यांचे सहकारी मारले गेले आणि ते स्वतः परदेशात सुरक्षित राहून पुस्तके लिहीत राहिले. अशा माणसाला हुतात्म्यासारखा मान का दिला जातो?

उत्तर : प्रश्न कडवट आहे, पण गैर नाही. कास्तेलाओ वाचले ते योगायोगाने. बंड झाले तेव्हा सार्वमताच्या कामासाठी ते माद्रिदमध्ये होते. बोवेदा पोन्तेवेद्रातच होते. त्यांना पकडून खटला चालवण्यात आला आणि १७ ऑगस्ट १९३६ रोजी शहराबाहेर आ काएइरा येथे गोळ्या घालण्यात आल्या. हा दिवस गालिसियातील राष्ट्रवादी आजही 'हुतात्मा गालिसियाचा दिवस' म्हणून पाळतात. म्हणजे तेथे हुतात्मा म्हणून स्मरण होते ते बोवेदांचे. आपण केलेला भेद तेथील लोकांनीही केलेला आहे.

परागंदा अवस्थेतील वर्षे मात्र आपण समजता तशी निवांत नव्हती. वॅलेन्सिया आणि बार्सिलोना, मग प्रजासत्ताकासाठी मदत मिळवण्याकरिता सोव्हिएत संघ, अमेरिका आणि क्यूबा असे दौरे झाले आणि १९४० मध्ये ते ब्वेनोस आयरेसला पोहोचले. त्या शहरात गालिसियातून आलेल्यांची संख्या इतकी मोठी होती, की अर्जेंटिनात स्पेनहून आलेल्या कोणालाही सरसकट 'गालेगो' (गालिसियन) म्हटले जाते. अशा शहरात त्यांच्या भाषेला श्रोते होते. १९४१ मध्ये तेथील रंगमंचावर त्यांचे 'ओस वेल्योस नोन देबेन दे नामोरार्से' ('म्हाताऱ्यांनी प्रेमात पडू नये') हे नाटक आले. त्यातील मुखवटेही त्यांचेच होते. १९४४ मध्ये 'सेम्प्रे एन गालिसा' छापले गेले आणि त्याच वर्षी मॉन्टेव्हिडिओ येथे परागंदा खासदारांची 'कोन्सेल्यो दे गालिसा' ही संस्था त्यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाली. १९४६ मध्ये ते पॅरिसमधील निर्वासित प्रजासत्ताक सरकारात बिनखात्याचे मंत्री झाले. ज्या सरकारकडे देशच नव्हता त्यात खाते असते तरी काय उपयोग होता, हा प्रश्न वेगळा. पुढच्या वर्षी ते सरकार गेले आणि कास्तेलाओ ब्वेनोस आयरेसला परतले ते कायमचे.

प्रश्न : १९८४ मध्ये त्यांच्या अस्थी मायदेशी आणल्या, तेव्हा स्वागताऐवजी निदर्शने झाली असे समजते. ती कोणाविरुद्ध होती?

उत्तर : आणणाऱ्यांविरुद्ध. ब्वेनोस आयरेसच्या चाकारिता स्मशानातून आणलेले अवशेष २८ जून १९८४ रोजी, म्हणजे सार्वमताच्या वाढदिवशीच, सान्तियागोच्या सान दोमिंगोस दे बोनावाल येथील थोर गालिसियनांच्या दफनगृहात ठेवण्यात आले. रोसालिया दे कास्त्रो यांचीही समाधी तेथेच आहे. समारंभाचे यजमान होते गालिसियाचे स्वायत्त सरकार आणि ते आल्यान्सा पोपुलार या पक्षाचे होते. फ्रँकोच्या एका माजी मंत्र्याने स्थापन केलेल्या पक्षाने कास्तेलाओंच्या पेटीला खांदा द्यावा, हे राष्ट्रवाद्यांना सहन झाले नाही. घोषणा झाल्या आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. अवशेष आणावेत की नाहीत, यावरही आधी बराच वाद झाला होता. लोकशाही आली असली तरी अजून वेळ आलेली नाही, असे काहींचे मत होते.

प्रश्न : त्यांचे काही वाचायचे असल्यास सुरुवात कोठून करावी?

उत्तर : 'सेम्प्रे एन गालिसा'पासून करू नये. गालिसियन राष्ट्रवादाचा तो आधारग्रंथ म्हणून सगळे त्याकडे बोट दाखवतात, पण तो बादाखोसपासून न्यूयॉर्कपर्यंत आणि अटलांटिकवरील जहाजापर्यंत, मिळेल तेथे बसून लिहिलेला आहे. त्यात पुनरुक्ती पुष्कळ आहे आणि त्या काळच्या पक्षीय भांडणांची माहिती नसलेला वाचक मध्येच हरवतो.

सुरुवात 'कोउसास' ('वस्तू') या छोट्या पुस्तकापासून करावी. ते दोन भागांत, १९२६ आणि १९२९ मध्ये आले. एक चित्र आणि दोन-तीन पाने मजकूर अशी त्याची रचना आहे. त्यात 'मिगेलिन्योचे वडील' अशी एक गोष्ट आहे. अमेरिकेहून वडील येणार म्हणून सणासुदीचा पोशाख घातलेला एक मुलगा आईबरोबर धक्क्यावर उभा आहे. वडील कसे दिसतात हे त्याला चांगले ठाऊक आहे, तरी घरून निघताना त्याने फोटोकडे पुन्हा एकदा पाहून घेतले आहे. बोटीतून माणसे उतरू लागतात. त्यांत एक सुखवस्तू, छानछोकीचा गृहस्थ दिसतो आणि हेच आपले वडील असावेत, असे मुलाला मनापासून वाटते. तो गृहस्थ त्याच्याकडे न पाहताच पुढे निघून जातो. शेवटी एक अतिशय खंगलेला, मेणासारखा, कान बाहेर आलेला, डोळे खोल गेलेला आणि खोकणारा माणूस त्याच्या आईला मिठी मारताना दिसतो. तोच मिगेलिन्योचा बाप असतो आणि गोष्ट तेथेच संपते. ती वाचल्यावर मग 'नोस' हा चित्रसंग्रह चाळावा आणि राजकीय ग्रंथ त्यानंतर उघडावा.